अंग सावरण्याची विद्या

शिरूर सोडून न्हावऱ्याच्या बाजूला निघालं की रांजणगावच्या कंपन्यांच्या बसगाड्या आणि नगर रस्त्यावरची गोदामं मागे पडतात. पाणी पोचलंय तिथे ऊस, नाही पोचलं तिथे बाजरी, आणि दोन्हींच्या मधे, भावाचा भरवसा नसतानाही, कांदा. मी निमोण्याला गेले ती भाद्रपदात. वाफ्यांमधून बायका ओणव्या होऊन रोपं लावत होत्या. सकाळी आठला वाकलेली पाठ जेवायच्या सुट्टीला सरळ होते, ती पुन्हा वाकते आणि दिवस कलल्यावरच उठते.

संपादकांनी यंदा विषय दिला ‘दुरुस्ती’. कुणी घड्याळजीकडे जाईल, कुणी पुलाखाली उतरेल, कुणी सतार जोडणाऱ्या मिरजेच्या कारागिराकडे. मला आठवली वैद्यकाची एक शाखा. तिचं सगळं कामच दुरुस्तीचं आहे, आणि तिची पाटी गावात सहसा दिसत नाही. बाईच्या ओटीपोटात मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय एकमेकांना खेटून राहतात. त्यांना जागेवर धरणारे आधार सैल झाले की काय होतं आणि ते पुन्हा कसे बांधायचे, हे पाहणारी ही शाखा. डॉक्टर मंडळी तिला युरोगायनॅकॉलॉजी म्हणतात. असा डॉक्टर शोधायला निमोण्याला यायचं कारण नव्हतं. मी पेशंट शोधायला आले होते.

त्या सापडायला वेळ लागला नाही. बोलत्या करायला मात्र लागला.

बांधावरच्या गप्पा

माझ्यासोबत जवळच्या वस्तीवरच्या आशाताई होत्या. त्यांच्या रजिस्टरात गरोदर बाया आहेत, लसीकरणाची बाळं आहेत, बीपी-शुगरचे रकाने आहेत. अंग बाहेर येणाऱ्या, म्हणजे गर्भाशय खाली उतरलेल्या बाईसाठी रकाना नाही. “पण मला ठाऊक हाय कुणाकुणाला हाय ते,” त्या चालता चालता म्हणाल्या. कसं ठाऊक? लग्नात पंगतीला मांडी घालून न बसणारी बाई, एसटीत उभ्यानेच जाणारी बाई, देवदर्शनाच्या सहलीला नाव न घालणारी बाई. आशाताईंची पाहणी ही अशी, बिनकागदाची.

एका बांधावर सत्तरीच्या आजी शेंगा निवडत बसल्या होत्या. आधी गुडघे, मग मोतीबिंदू, मग सुनेचं बाळंतपण असं सगळं बोलून झालं. आशाताईंनी हलकेच विचारलं, “आजी, अंगाचं सांगा की ताईंना.” आजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि सांगायला लागल्या. चौथं बाळंतपण घरी झालं. सहाव्या दिवशी पाण्याचा हंडा उचलला. काही वर्षांनी खाली काही तरी आल्यासारखं वाटायला लागलं. सकाळी नसायचं, दिवस चढेल तसं यायचं. मग कायमचंच आलं. “हातानं आत सारायचं आन् कामाला लागायचं.” किती वर्षं? आजींनी वर्षं मोजली नाहीत, नातवंडं मोजली. नवऱ्याला सांगितलं होतं? त्या हसल्या. डॉक्टरला? “डॉक्टरला ताप दाखवायचा. ह्ये कुणी दाखवतं व्हय?”

त्यांच्या शेजारची, पस्तिशीतली सून इतका वेळ गप्प होती. आजी पाणी प्यायला उठल्या तशी ती म्हणाली, “मला खोकला आला का पाय आवळून उभं राहावं लागतं.” शिंक, खोकला, जोरात हसणं, डोक्यावर घमेलं घेणं, प्रत्येक वेळी थोडी लघवी सुटते. म्हणून रानात जाताना ती पाणी पीत नाही. पाणी न पिण्याने लघवीला जळजळ होते, जळजळीवर मेडिकलमधून गोळी येते, गोळीने चार दिवस बरं वाटतं. हे तिला आजारासारखं वाटतच नाही. तिच्या लेखी दोन मुलं झालेल्या बाईचं असंच असतं.

आधार कशाचे

बाळ बाहेर येताना ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर जो ताण पडतो, त्याच्या जवळपास जाणारा दुसरा ताण शरीरात कुठल्याच स्नायूला सोसावा लागत नाही. ते कित्येक पट ताणले जातात, त्यांच्या नसा दाबल्या जातात, कधी स्नायू हाडापासून सुटतोही. बहुतेकींचं पुष्कळसं भरून येतं. पण अडलेलं लांब बाळंतपण, एकामागून एक बाळंतपणं, त्यात पुरेशी विश्रांती नाही, अशक्तपणा, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, रोजचं ओझं, आणि पाळी जाताना कमी होणारं इस्ट्रोजेन, असं एकावर एक साचत जातं. काहींच्या ऊती जन्मतःच सैल असतात; मूल न झालेल्या तरुण बाईलाही हा त्रास होऊ शकतो.

झोळीचे दोर सैल झाले आणि आतलं मूल जमिनीला टेकायला लागलं, तर शहाणं माणूस दोर पाहतं. गर्भाशय खाली उतरतं तेव्हाही बिघाड त्याच्यात नसतो, त्याला धरणाऱ्या बंधांत आणि खालच्या स्नायूंत असतो. या लेखात पुढे जे येणार आहे त्यातलं बरंचसं या एका गोष्टीवर उभं आहे. म्हणून गर्भाशय काढून टाकलं आणि बंध तसेच सोडले, तर काही वर्षांनी योनीचं छतच खाली येऊ शकतं. त्याच्या पुढे मूत्राशय आणि मागे गुदाशय असतं, तेही सोबत उतरतात. मग दुसरी शस्त्रक्रिया, आणि ती पहिलीपेक्षा अवघड.

शिरोड्याचे विठ्ठलराव

ही गोष्ट मुंबईत साठ-सत्तर वर्षांपूर्वीच नीट कळली होती. नुसती कळली नव्हती, तिच्यावर इथल्याच डॉक्टरांनी शस्त्रक्रिया रचल्या होत्या.

विठ्ठल नागेश शिरोडकर १८९९ साली गोव्यातल्या शिरोड्याला जन्मले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, १९२७ साली एम.डी. झाले, १९३१ साली इंग्लंडहून एफ.आर.सी.एस. घेऊन परतले आणि पुढे ग्रँट आणि जे.जे.मध्येच प्राध्यापक झाले. जगाला ते ठाऊक आहेत एका टाक्यासाठी. दिवस गेले की चौथ्या-पाचव्या महिन्यात काही बायकांच्या गर्भाशयाचं तोंड कळा न येताच उघडतं आणि मूल जातं. पुन्हा दिवस, पुन्हा तेच. शिरोडकरांनी त्या तोंडाभोवती पट्टी ओवून ते बांधून ठेवायची रीत १९५५ साली मांडली. दोनच वर्षांनी मेलबर्नच्या इयान मॅकडोनाल्ड यांनी त्याहून सोपी रीत मांडली, पण ‘शिरोडकर स्टिच’ हे नाव जगभरच्या प्रसूतिगृहांत राहिलं. कोकणी गावाचं नाव लावणारा टाका टोकियोपासून टोरांटोपर्यंत घातला जातो, याचा आपल्याकडे गाजावाजा मात्र फारसा नाही.

माझा रस त्यांच्या दुसऱ्या कामात होता. त्या काळी अंग बाहेर येण्यावर मोठ्या नावाजलेल्या दोन वाटा होत्या. एक, गर्भाशय योनीमार्गेच काढणं. दुसरी, मँचेस्टरच्या डोनाल्ड आणि फॉदरगिल यांची, ज्यात गर्भाशय ठेवतात पण त्याची लांबलेली मान कापतात. युरोपातल्या पन्नाशीच्या बाईला दोन्ही चालण्यासारख्या होत्या. जे.जे.च्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसलेली बाई बावीस-तेवीस वर्षांची असे. तिचं अंग बाहेर आलेलं असे, आणि तिला अजून मूल हवं असे. मान कापली तर दिवस राहायला अडचण आणि राहिले तर टिकायला अडचण. गर्भाशय काढलं तर विषयच संपला, आणि पुष्कळदा संसारही.

शिरोडकरांनी फॉदरगिलच्या शस्त्रक्रियेत बदल करून मान न कापता मागचे बंध पुढे आणून बांधले. ज्यांचे बंधच कुचकामी होते त्यांच्यासाठी पोटातून जाऊन गर्भाशयाच्या मानेला मागून पट्टी लावली आणि ती कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीच्या वरच्या कडेला बांधली. डाव्या बाजूला मोठं आतडं आडवं येतं, म्हणून तिकडे पट्टी एका स्नायूमधून वळसा घालून न्यावी लागते. काम नाजूक आहे; आजूबाजूला मोठ्या रक्तवाहिन्या आणि मूत्रनलिका. मुंबईतल्याच पुरंदरे डॉक्टरांच्या घराण्याचं नाव लागलेली शस्त्रक्रिया वेगळ्या युक्तीची. पोटाच्या उभ्या स्नायूंवरच्या चिवट आवरणाच्या दोन पट्ट्या सोडवायच्या आणि गर्भाशयाच्या मानेला पुढून जोडायच्या. बाई खोकली, जोर केला, की पोटाचे स्नायू आवळतात आणि त्याच क्षणी पट्ट्या मानेला वर खेचतात. अंग खाली ढकलणारा जोरच ते वर धरतो. शस्त्रक्रियेच्या पुस्तकात इतकी सुंदर कल्पना क्वचित सापडते.

या ‘स्लिंग’ पद्धती पुढेही सुधारत गेल्या आणि त्यात मुंबईची नावं पुन्हा पुन्हा येतात. तरुण बाईचं गर्भाशय राखून दुरुस्ती करायची, ही ओढ इथल्या बायकांच्या गरजेतून आलेली आहे. शिरोडकरांचं पुस्तक १९६० साली एडिंबरोहून निघालं. १९७१ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ते गेले.

वढूपर्यंतची वाट

जे.जे.च्या रांगेत पोचलेल्या बाईचं ठीक. न पोचलेल्या बाईचं काय, हा प्रश्न शिरूर तालुक्याला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईनेच विचारला होता. डॉ. बानू कोयाजी मुंबईत शिकल्या आणि १९४४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयात आल्या. तेव्हा ते चाळीस खाटांचं प्रसूतिगृह होतं. त्यांच्या हाताखाली ते मोठं रुग्णालय झालं. रुग्णालयाच्या खाटा वाढवून खेड्यातली बाई बरी होत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. १९७२ साली त्यांनी वढू बुद्रुकला काम सुरू केलं. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ठाऊक असलेलं हेच ते गाव. गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्याचं पहिलं काम त्यांच्या हाती द्यायचं, ही त्यांची पद्धत. आज गावोगाव दिसणाऱ्या आशाताईंच्या आधीची ही पायरी. १९९३ साली कोयाजींना मॅगसेसे मिळालं. वढूचं काम अजून चालू आहे, आजूबाजूच्या बावीस गावांतल्या जन्ममृत्यूची आणि आजारांची नोंद तिथे वर्षानुवर्षं ठेवली जाते. निमोणे हे गाव तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, त्या बावीस गावांच्या बाहेर.

कोयाजींनी डॉक्टरकीचा पाय गावाकडे वळवला. गावातल्या बाईला तपासून तिच्या दुखण्याचा आकडा जगापुढे ठेवला तो डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी. गडचिरोली जिल्ह्यातल्या वासा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी ६५० बायकांची तपासणी केली. ती काही तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या बायकांची नव्हती, गावातल्या सगळ्या बायकांसाठी होती. जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा एक तरी आजार होता. आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. तोवर गरीब देशांतल्या बायकांच्या आरोग्याचा विचार गर्भारपण आणि कुटुंबनियोजन या दोन कप्प्यांत बसवलेला होता. या आकड्यांनी तिसरा कप्पा उघडला.

निमोण्याच्या आजींना मी विचारलं होतं, तुम्हाला आतून कुणी कधी तपासलं का? “बाळंतपणात सुईणीनं,” त्या म्हणाल्या. चार बाळंतपणं, मोतीबिंदूच्या शिबिरात दोन डोळे, आणि बाकी काही नाही.

पिशवीच काढून टाका

न तपासणं ही एक बाजू. दुसरी बाजू कापण्याची घाई.

मी गेले तेव्हा ऊसतोड सुरू व्हायला अवकाश होता. दसरा-दिवाळीनंतर बीड, नगरच्या टोळ्या शिरूर-दौंडच्या फडांत उतरतात. न्हावऱ्याला घोडगंगा कारखाना आहे, दौंडमध्ये पाटसला भीमा. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. बाई ऊस तोडते, वाढं सोडवते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते. राहायच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, संडास नाही. एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळी, पांढरं जाणं, ओटीपोटातली कळ यांना या हिशेबात जागा नाही.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या आल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. साधारण सहा जणींमागे एक. बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करता येणार नाही, असं ठरलं. अशाच तक्रारी बिहार, छत्तीसगड, राजस्थानातूनही होत्या. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला.

सगळा दोष डॉक्टरांच्या लोभावर टाकून मोकळं होणं सोपं आहे, आणि लोभ होता हे खरंच. पण बायका स्वतःहूनही मागत होत्या, हेही खरं. दोन मुलं झाली, नसबंदी झाली, आता पिशवीचा उपयोग काय? दर महिन्याची कटकट जाईल, कॅन्सरची भीती जाईल, खाडा टळेल. कॅन्सरची भीती कुणी घातली आणि पांढरं जाण्यावर साध्या गोळ्यांनी भागलं असतं हे कुणी सांगितलं नाही, हा त्याच्या आधीचा भाग. तिशीत गर्भाशय गेलं की, अंडाशयं ठेवली तरी, पाळी जाण्याचे बदल काही वर्षं आधी येऊ शकतात. अंडाशयंही काढली तर लगेचच. हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते, आणि ज्या कामासाठी हे केलं तेच काम जड जायला लागतं.

पिशवी काढणं कधीच लागत नाही असं नाही. कर्करोग असेल, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव असेल, वय झालेल्या बाईचं अंग पूर्ण बाहेर असेल, तर ती काढावी लागते आणि काढल्याने बाई सुखी होते. पण अंग बाहेर आलेल्या बाईची नुसती पिशवी काढली आणि छत बंधांना टांगलं नाही, स्नायूंची वीण पुन्हा घातली नाही, तर काम अर्धंच झालं. बाहेरून दोन्ही शस्त्रक्रिया सारख्याच दिसतात. बाईला फरक पाच-सात वर्षांनी कळतो.

एका ओपीडीत

पुण्यात एका युरोगायनॅकॉलॉजिस्ट बाईंच्या ओपीडीत त्यांच्या परवानगीने आणि पेशंटच्या संमतीने मी सकाळभर बसले. स्त्रीरोगात एम.डी. झाल्यावर त्यांनी या विषयाची वेगळी फेलोशिप केली. सोबतच्या डॉक्टरांनी प्रसूतिगृहं काढली, कुणी टेस्ट ट्यूब बेबीकडे वळले. “पेढे घेऊन येणारा पेशंट माझ्याकडे नसतो,” त्या म्हणाल्या. “बरी झालेली बाईही दुसरीला सांगत नाही. सांगायचं तर आपल्याला काय होत होतं तेही सांगावं लागतं.” त्यामुळे या शाखेत नाव तोंडातोंडी पसरत नाही. अमेरिकेतही तिला वेगळी उपशाखा म्हणून मान्यता मिळाली ती २०११ साली.

तपासणी पाहिली. आधी बराच वेळ नुसतं विचारणं. लघवी सुटते ती खोकल्यावर, की संडासला पोचायच्या आधीच? दोन्हींचे उपचार वेगळे. पहिलीला पट्टीची शस्त्रक्रिया चालेल, दुसरीला तिने काहीच फरक पडणार नाही, तिला गोळ्या आणि सवयी लागतात. म्हणून तीन दिवसांचा एक कागद भरायला देतात: किती वेळा गेलात, किती प्यालात, कधी सुटली. अक्षरओळख नसलेल्या बाईला पेल्यांची चित्रं. मग झोपवून खोकायला सांगतात, कधी उभं करूनही, कारण झोपल्यावर अंग आत जातं आणि डॉक्टरला काहीच दिसत नाही. निमोण्याच्या आजींना सकाळी नसायचं ते याचसाठी.

आणि पहिला उपाय सहसा शस्त्रक्रियेचा नसतो. अमेरिकेतल्या अरनॉल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलेला स्नायूंचा व्यायाम अजूनही पहिल्या पायरीवर आहे. वारा अडवताना जसं आवळतो तसं आवळायचं, काही सेकंद धरायचं, सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट आणि मांड्या सैल. पुष्कळ बायका नेमकं उलटं करतात, खाली जोर देतात, म्हणून एकदा कुणी तरी शिकवावं लागतं. दुसरा उपाय रिंग. सिलिकॉनचं कडं आत बसवतात, ते अंगाला धरून ठेवतं. ठरावीक काळाने काढून धुवायचं, पुन्हा घालायचं. ऑपरेशन नको असलेल्या, न झेपणाऱ्या किंवा पुढे ढकलायचं असलेल्या बाईला ती सोईची. बाईंनी एका पेशंटच्या हातात ती दिली तेव्हा पेशंटने आधी विचारलं, “एवढंच?”

शस्त्रक्रियेबद्दल त्या सावध बोलल्या. १९९७ साली अमेरिकेतल्या नोंदींवरून निघालेला हिशेब त्या विद्यार्थ्यांना हटकून सांगतात: ऐंशीव्या वर्षापर्यंत शंभरातल्या अकरा बायकांना अशी शस्त्रक्रिया लागते, आणि झालेल्या शस्त्रक्रियांपैकी जवळपास तीस टक्के दुसऱ्यांदा केलेल्या असतात. दोर बांधले तरी कापड जुनंच असतं. त्यावर उतारा म्हणून योनीमार्गे बसवायची कृत्रिम जाळी आली, कंपन्यांनी ती जगभर विकली, आणि हजारो बायकांना जाळी आत रुतल्याच्या, टोचल्याच्या यातना झाल्या. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने प्रोलॅप्ससाठी, म्हणजे अंग बाहेर येण्यावर, योनीमार्गे घालायच्या जाळीची विक्री थांबवली. लघवी सुटण्यासाठी स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ साली मांडलेली अरुंद पट्टी वेगळी. ती आजही वापरतात, पण बाईला सगळं समजावून.

या शाखेचा पायाच बायकांच्या अंगावर शिकून घातला गेला आहे. योनीमार्गातून लघवी गळत राहणारा फिस्टुला बंद करण्यात यश मिळवलेले मॅरियन सिम्स यांनी १८४० च्या दशकात अलाबामात गुलाम बायकांवर भूल न देता प्रयोग केले. त्यांतल्या अनार्का नावाच्या मुलीवर सुमारे तीस वेळा. न्यूयॉर्कमधला त्यांचा पुतळा २०१८ साली काढला. बीडचे आकडे वाचल्यावर ही गोष्ट मला दूरची वाटली नाही.

जड म्हणजे किती

शस्त्रक्रियेनंतरच्या कागदावर एक ओळ ठरलेली असते: तीन महिने जड उचलू नये. टाके विरघळतात, पण ऊती घट्ट व्हायला तेवढा वेळ लागतो. शहरातली बाई ही ओळ वाचून भाजीची पिशवी मोलकरणीच्या हाती देते. मोलकरणीचंच ऑपरेशन झालेलं असलं की ओळ अडते. निमोण्याच्या सुनेकडे तर ती कुठेच बसत नाही. तिने माझ्यापुढे वर्ष मांडून दाखवलं. आत्ता कांद्याची लागण. मग बाजरीची काढणी. पौषात गरव्या कांद्याची लागण, चैत्रात काढणी, मग कांदा चाळीत भरायचा. आषाढात पेरण्या. दोन गाई, त्यांची धार दोन वेळा, दुधाची किटली डेअरीवर. “सांगा, तीन म्हयने कुठं काढू?”

नेपाळात हाच प्रश्न २००८ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डोंगराळ भागात बाळंतपणानंतर लगेच ओझी वाहणाऱ्या बायकांचं अंग बाहेर येणं हा त्यांच्या प्रजननहक्कांचा प्रश्न आहे, असं न्यायालय म्हणालं आणि सरकारला कामाला लावलं. तिथे मग शस्त्रक्रियांची शिबिरं झाली. आकडे मोठे झाले, पण शिबिरात ऑपरेशन झालेली बाई आठवड्याभरात पुन्हा डोको, म्हणजे ओझ्याची टोपली, पाठीवर घेत असेल तर काय, हा प्रश्न तिथेही उरला. आपल्याकडे या आजाराचा वेगळा कार्यक्रम मला दिसला नाही. बाळंतपणासाठी पैसे मिळतात, नसबंदीसाठी मिळतात. अंग सावरल्यावर घरी बसायचे दिवस कुणाच्या खात्यात नाहीत.

पुण्यातल्या बाईंनी यावर आपल्यापुरती एक तोड काढली आहे. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘जड’ हा शब्दच नाही. छापील यादी आहे: भरलेला हंडा नाही, घमेलं नाही, गाईची बादली नाही, कांद्याची गोणी नाही, कडेवर मूल नाही, पीठ मळायला हरकत नाही, चालायला हरकत नाही. यादी बाईच्या हातात न देता तिला न्यायला आलेल्या माणसाला वाचायला लावतात, मोठ्याने. नवरा असेल तर नवऱ्याला, सासू असेल तर सासूला. वाचता येत नसेल तर सिस्टर वाचते आणि त्याच्याकडून म्हणवून घेते. एकदा एका नवऱ्याने ‘गाईची बादली’पाशी थांबून विचारलं, मग धार कोण काढणार? बाई म्हणाल्या, “तेच विचारतेय. नाव सांगा, कार्डावर लिहिते.”

मी कार्डाचा फोटो आशाताईंना पाठवला. त्यांनी तो सुनेला दाखवला. सुनेचं उत्तर आलं ते बोललेल्या निरोपात. ऑपरेशनचं नंतर बघू, आधी ती आवळायची कसरत शिकवणारं कुणी शिरूरला बसतं का, आणि बसत असेल तर बुधवार सोडून कुठलाही वार चालेल.